नाकाचं दुसरं ऑपरेशन: लोक पुन्हा टेबलावर का जातात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डॉक्टर नाही. मिरजेतल्या एका कान-नाक-घसा दवाखान्यात फाईली, फोन आणि ऑपरेशनआधीच्या शंका सांभाळते. खालचे प्रश्न सांगली, तासगाव, जत, इस्लामपूरकडून आणि पलीकडच्या अथणी-रायबागकडूनही येणाऱ्या पेशंटचे आहेत. तुमच्या नाकाचा निर्णय तुम्हाला तपासणारे डॉक्टरच घेतील. पण तिथे बसल्यावर काय विचारायचं, एवढं तरी आधी कळलेलं बरं.

नाकाची रिव्हिजन सर्जरी म्हणजे नक्की काय?

आधी ऑपरेशन झालेल्या नाकावर पुन्हा केलेलं ऑपरेशन. पहिलं ऑपरेशन नाकाचा आकार बदलण्याचं असेल, मधला पडदा सरळ करण्याचं असेल किंवा दोन्ही एकत्र. लोक दुसऱ्या वेळेला ‘टचअप’ म्हणतात. कधीकधी काम खरंच तेवढंच असतं: एखादा उंचवटा घासायचा, एखादी कड जुळवायची. पण बहुतेक वेळा ते पहिल्यापेक्षा अवघड असतं. आत जखमेचा कठीण भाग तयार झालेला असतो, कातडी खाली चिकटलेली असते आणि दुरुस्तीला लागणारी कूर्चा (नाका-कानातला हाडापेक्षा मऊ, लवचिक भाग) पहिल्याच वेळी काढून झालेली असते.

मग लोक एवढा खटाटोप का करतात?

आमच्या टेबलाशी बसून पाहिलं तर कारणं दोन गठ्ठ्यांत पडतात: श्वास आणि रूप. बऱ्याच जणांच्या फाईलवर दोन्ही लिहिलेलं असतं.

श्वासाचं आधी सांगते, कारण ते सांगायला लोक विसरतात. नाकाच्या आत, वरच्या बाजूला, मधला पडदा आणि बाजूची कूर्चा यांच्यामध्ये एक अरुंद फट असते. डॉक्टर तिला इंटर्नल व्हॉल्व्ह म्हणतात. तिथला कोन साधारण 10 ते 15 अंशांचा असतो आणि नाकातून जाणाऱ्या हवेला सगळ्यांत जास्त अडथळा तिथेच होतो. पहिल्या ऑपरेशनात नाकाचा उंचवटा काढताना ही जागा आणखी आवळली गेली, की पेशंट म्हणतो, “नाक छान दिसतंय, पण रात्री तोंड उघडं टाकून झोपावं लागतं.” काहींच्या नाकपुड्या जोरात श्वास घेतला की आत ओढल्या जातात. काहींचा पडदा वरून सरळ झालेला असतो, पण मागे वाकडाच राहिलेला असतो. आणि काहींच्या पडद्याला भोक पडलेलं असतं. त्यातून श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येतो, खपल्या धरतात, मधूनमधून रक्त येतं.

रूपाच्या तक्रारी जास्त बोलून दाखवल्या जातात. शेंड्याच्या वर फुगवटा राहतो आणि बाजूने बघितलं तर नाक पोपटाच्या चोचीसारखं दिसतं. मधली पाठ खाली बसते, तिला डॉक्टर सॅडल नोज म्हणतात. शेंडा चिमटीत धरल्यासारखा होतो. एक नाकपुडी वर ओढली जाते आणि समोरून नाकाच्या आतलं दिसायला लागतं. वाकडं नाक सरळ केलेलं पुन्हा हळूहळू वाकतं, कारण कूर्चेला तिचा जुना वळसा आठवत असतो.

आणखी एक गट आहे, त्याची चर्चा फारशी होत नाही. जन्मतः ओठ दुभंगलेली मुलं. त्यांच्या नाकाचं काम लहानपणी एकदा होतं आणि चेहऱ्याची वाढ पूर्ण झाल्यावर पुन्हा करायचं हे आधीपासूनच ठरलेलं असतं. अशा मुलाच्या आईला कोणी “पुन्हा कशाला?” म्हणालं, तर तिने ते मनावर घेऊ नये.

हे किती जणांना करावं लागतं?

वैद्यकीय लेखनात साधारण 5 ते 15 टक्के असा आकडा दिसतो. डॉक्टर, पद्धत आणि मुळात नाक किती बिघडलेलं होतं, यावर तो बदलतो. चांगल्या सर्जनच्याही यादीत रिव्हिजन असतेच. “माझं एकही ऑपरेशन परत करावं लागलेलं नाही” असं सांगणारा कोणी भेटला, तर मी जरा सावध होईन.

म्हणजे पहिल्या डॉक्टरांची चूक होती का?

हा प्रश्न दबक्या आवाजात विचारतात आणि बहुतेक वेळा सोबत आलेला भाऊ किंवा दीर विचारतो.

चूक असू शकते. पण तेवढ्यावरून ठरत नाही. जखम प्रत्येकाची वेगळी भरते. जाड कातडीखाली जास्त कठीण भाग धरतो, पातळ कातडीखाली कूर्चेची प्रत्येक कड वर्षभरानंतर उठून दिसते. पहिल्या महिन्यात बाळाचं डोकं नाकावर आपटलं, मोटारसायकलवरून पडलं, कुस्तीत कोपर बसलं, असंही होतं. फाईल नीट पाहिल्याशिवाय कोणीच हे सांगू शकत नाही. आणि दुसरे डॉक्टर पाच मिनिटांत पहिल्याला नावं ठेवायला लागले, तर त्यांच्याही बोलण्याला थोडी चाळणी लावा.

ऑपरेशनला सहा महिने झाले. नाक अजून जाडच दिसतंय. आता रिव्हिजन करून घेऊ का?

नको. निदान एक वर्ष थांबा, हे मी दिवसातून अनेकदा सांगते.

वरची सूज काही आठवड्यांत उतरते. आतली, विशेषतः शेंड्याची सूज वर्षभर रेंगाळते. कातडी जाड असेल तर दीड-दोन वर्षंही लागतात. सकाळी नाक वेगळं, संध्याकाळी वेगळं, असा अनुभव पहिल्या काही महिन्यांत पुष्कळांना येतो. या काळात आत सगळं लालसर आणि घट्ट असतं. तिथे पुन्हा सुरी लावली तर नवी जखम जुन्या जखमेवर बसते. शेंड्यावरच्या फुगवट्यासाठी काही डॉक्टर स्टेरॉइडचं छोटं इंजेक्शन देतात आणि काही जणांचं काम तेवढ्यावर भागतं. मागच्या वर्षी घाईघाईने दुसरं मत घ्यायला आलेली बरीच मंडळी वर्ष भरल्यावर पुन्हा आलीच नाहीत. त्यांच्यापैकी निदान काहींचं नाक आपोआप बसलं असणार, असं मला वाटतं.

अपवाद आहेत आणि ते तातडीचे आहेत: पू येणं, ताप, नाकात घातलेला सिलिकॉनचा तुकडा कातडीतून दिसायला लागणं, मार लागल्यावर नाक आतून दोन्ही बाजूंनी फुगून बंद होणं. त्यात वर्षाचा हिशोब लावू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. शेवटच्या प्रकारात पडद्यात रक्त साकळलेलं असतं आणि ते काढलं नाही तर काही दिवसांतच कूर्चा विरघळायला लागते. आमच्याकडच्या तालमींत नाकाला मार नवा नाही. “बर्फ लाव, उतरेल” म्हणून घरी पाठवलेला पोरगा काही महिन्यांनी बसलेलं नाक घेऊन येतो, तेव्हा वाईट वाटतं. त्याला नंतर जे ऑपरेशन लागतं, ते तेव्हाच्या लहानशा चिऱ्याने टळलं असतं.

श्वास खरंच ऑपरेशनमुळे अडकतोय, की सर्दी-अ‍ॅलर्जी आहे, हे कसं कळणार?

तपासणीने. एक साधी तपासणी डोळ्यांसमोर होते. डॉक्टर स्टीलची थंड पट्टी नाकपुड्यांखाली धरतात आणि तुम्हाला नाकाने श्वास सोडायला सांगतात. पट्टीवर वाफेचे दोन डाग उमटतात. एक मोठा, एक बारका असेल, तर बारका डाग ज्या बाजूचा तिकडे हवा कमी. मग बोटांनी गाल हळूच बाहेर ओढतात. त्याने श्वास मोकळा झाला तर अडचण व्हॉल्व्हपाशी असण्याची शक्यता वाढते. त्यानंतर दुर्बिणीने आतून पाहतात, गरज पडली तर सीटी स्कॅन.

सांगलीच्या हळदीच्या अडतीत काम करणारे, द्राक्षबागेत फवारणी करणारे, उसाच्या गुऱ्हाळावर असणारे यांना अ‍ॅलर्जीचा त्रास पुष्कळ असतो. तो आधी औषधाने आटोक्यात आणावा लागतो, नाहीतर दुसरं ऑपरेशन करूनही नाक चोंदलेलंच राहणार. आणखी एक: मेडिकलमधून आणलेले नाक उघडायचे थेंब महिनोन्‌महिने घालणारे लोक आहेत. झायलोमेटाझोलिनसारखे थेंब आठवड्यापेक्षा जास्त चालू ठेवले की नाक उलट जास्त बंद व्हायला लागतं. हे डॉक्टरांपासून लपवू नका. कोणी रागावत नाही.

माझं आधी “हाड वाढलंय” म्हणून ऑपरेशन झालं होतं. ते रिव्हिजनमध्ये धरतात का?

हो. बहुतेक वेळा तो वाकलेला मधला पडदा असतो आणि त्याच्या ऑपरेशनला सेप्टोप्लास्टी म्हणतात. पडदा म्हणजे नाकाच्या मांडवाचा मधला खांब. वरच्या आणि पुढच्या बाजूला निदान एक-एक सेंटिमीटरची पट्टी शाबूत ठेवायची असते, नाहीतर मांडव खाली बसतो. जुन्या पद्धतीत पडद्याचा मोठा भाग काढून टाकत, म्हणून तीस वर्षांपूर्वी ऑपरेशन झालेले काका-मावशी आज बसलेल्या नाकाची तक्रार घेऊन येतात. “नाकातलं मांस काढलं होतं” असं कोणी सांगितलं, तर टर्बिनेट, म्हणजे नाकाच्या आत बाजूच्या भिंतीवरचे मांसल उंचवटे, किती काढले तेही पाहावं लागतं. ते फार काढले गेले तर नाक आतून मोकळं असूनही श्वास पुरत नाही असं वाटतं, आतून कोरडं पडतं. तिथे पुन्हा कापण्याने काही मिळत नाही.

बरगडीची कूर्चा काढणार असं डॉक्टर म्हणाले. एवढं कशाला?

दुरुस्तीला माल लागतो. पहिली पसंती नाकाच्याच पडद्याला, कारण ती कूर्चा सरळ आणि जवळ असते. ती आधीच संपली असेल तर कानाच्या पाळीमागून काढतात. कानाची कूर्चा वळलेली आणि मऊ असते, शेंड्याला किंवा नाकपुडीला चालते, पण पाठीला आधार द्यायला कमी पडते. मोठी बांधणी असेल तर बरगडी. छातीवर लहानसा चिरा येतो आणि काही दिवस खोकताना, हसताना दुखतं. क्वचित फुप्फुसाच्या आवरणाला इजा होऊ शकते. ही कूर्चा नंतर वाकण्याचीही शक्यता असते आणि वय वाढलं की ती हाडासारखी कडक होते. म्हणून वयस्कर पेशंटमध्ये आधी पाहून घेतात.

व्हॉल्व्ह उघडा ठेवायला पडदा आणि बाजूची कूर्चा यांच्यामध्ये काडीसारख्या पट्ट्या बसवतात, त्यांना स्प्रेडर ग्राफ्ट म्हणतात. ही पद्धत अमेरिकन सर्जन जॅक शीन यांनी 1984 साली मांडली. तुमच्या फाईलमध्ये हा शब्द दिसला तर घाबरू नका.

सिलिकॉन का नको, असंही विचारतात. प्राथमिक ऑपरेशनात काही ठिकाणी तो वापरतात. पण आधी उघडलेल्या, पातळ झालेल्या कातडीखाली बाहेरची वस्तू संसर्ग धरण्याची किंवा बाहेर येण्याची भीती जास्त.

ऑपरेशन नको, फिलरने भागणार नाही का?

इन्स्टाग्रामवर पंधरा मिनिटांत नाक सरळ झालेलं दिसतं, त्यामुळे हा प्रश्न हल्ली रोज येतो. फिलर म्हणजे कातडीखाली इंजेक्शनने भरायचं जेल. बारीक खड्डा भरायला हायलुरोनिक अ‍ॅसिडचं फिलर उपयोगी पडतं, हे खरं. पण ऑपरेशन झालेल्या नाकातल्या रक्तवाहिन्यांची मांडणी बदललेली असते. फिलर वाहिनीत गेलं तर कातडी काळी पडून सडू शकते आणि क्वचित दृष्टीही जाऊ शकते. म्हणून हे काम ब्युटी पार्लरमध्ये किंवा हॉटेलच्या खोलीतल्या ‘कॅम्प’मध्ये मुळीच नको.

हे पुण्या-मुंबईचं नवं फॅड आहे, असं सासरे म्हणतात.

सासऱ्यांना सांगा, फॅड फार जुनं आहे. सुश्रुतसंहितेत कापलेलं नाक पुन्हा घडवण्याची रीत दिलेली आहे. 1794 साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये कावसजी नावाच्या बैलगाडीवाल्याची हकिगत छापून आली होती. इंग्रजांच्या फौजेबरोबर असताना टिपूच्या सैनिकांच्या तावडीत सापडून त्याचं नाक कापलं गेलं होतं आणि नंतर कपाळाच्या कातडीने ते पुन्हा बसवलं. ती वाचून जोसेफ कार्पू या इंग्रज सर्जनने 1814 साली हे ऑपरेशन केलं. कपाळाची कातडी वापरायची पद्धत आजही मोठ्या दुरुस्त्यांत वापरतात.

एप्रिलमध्ये लग्न आहे. त्याआधी होईल का?

दोन-तीन महिन्यांत करू नका. रिव्हिजननंतर नाक फोटोत बरं दिसायला वेळ लागतो आणि लग्नाच्या धावपळीत, जागरणात, गर्दीत नाक जपणं कठीण. एका आईने तर “साखरपुडा झाला की उरकू” म्हणून तारीख मागितली होती. मुलीला नाकाचं काहीच म्हणायचं नव्हतं. तिला नीट झोप लागत नव्हती, एवढंच. अशा वेळी मी आईला बाहेर चहाला पाठवते आणि मुलीला विचारते.

पहिल्या भेटीला काय काय आणायचं?

सगळ्यांत आधी पहिल्या ऑपरेशनची फाईल, त्यात ऑपरेशन नोट हवी. डिस्चार्ज कार्डावर एक ओळ असते, ती पुरत नाही. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार दाखल पेशंटची कागदपत्रं डॉक्टरांनी 3 वर्षं जपायची असतात आणि पेशंटने मागितली तर 72 तासांत द्यायची असतात. पोच घेऊन, लेखी मागा. “फाईल सापडत नाही” म्हणाले तर तेही लिहून घ्या. त्यासोबत ऑपरेशनआधीचे जुने फोटो आणा. लग्नातले, शाळेतले, आधारकार्डावरचे, कुठलेही चालतील. सीटी स्कॅनची फिल्म असेल तर ती. चालू गोळ्यांची यादी.

आणि एका कागदावर स्वतःच्या अक्षरात दोन ओळी: मला काय खटकतंय आणि काय बदललं तर मी थांबेन. तिसरी ओळ लिहावीशी वाटली तर डॉक्टरांशी बोलताना ती पहिली वाचा.

त्याच डॉक्टरांकडे जावं की दुसऱ्यांकडे?

आधी त्याच डॉक्टरांना भेटा. तुमच्या नाकात काय केलं ते त्यांना सगळ्यांत जास्त माहीत असतं. बोलणं पटलं नाही किंवा विश्वास उडाला असेल तर दुसरं मत घ्या. त्यात कसलाही अपमान नाही. एमएस ईएनटी किंवा एमसीएच प्लास्टिक सर्जरी किंवा त्याला समकक्ष डीएनबी झालेले, रिव्हिजन नियमित करणारे सर्जन पाहा. नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तपासता येते. “वर्षाला अशा किती केसेस करता, बरगडीची कूर्चा स्वतः काढता का?” हे सरळ विचारा.

सांगली-मिरजेत होतं का, की मोठ्या शहरात जावं लागेल?

मिरजेला दवाखान्याची परंपरा 1894 पासूनची, डॉ. वॉनलेस यांच्या मिशन हॉस्पिटलपासूनची. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1962 चं. श्वासाच्या, पडद्याच्या, अपघाताच्या दुरुस्त्या इथे होतात. बरगडी लागणारी गुंतागुंतीची रिव्हिजन हातावर मोजण्याइतके सर्जन करतात आणि त्यासाठी कोणी पुण्याला पाठवलं तर ते प्रामाणिकपणाचं लक्षण समजा. फक्त पुढच्या तपासण्यांसाठी किती फेऱ्या होतील, त्याचा हिशोब आधी घाला.

विमा मिळतो का?

केवळ रूपासाठी असेल तर नाही. आरोग्यविम्यात सौंदर्याच्या शस्त्रक्रिया वगळलेल्या असतात. अपघात, भाजणं, कर्करोग यांनंतरची दुरुस्ती किंवा वैद्यकीय गरज असेल तर वाट उघडते. म्हणून श्वासाची तक्रार तपासणीसह फाईलवर नोंदवलेली हवी. नसलेली तक्रार मात्र लिहायला सांगू नका. नाही म्हणायला आम्हालाही कंटाळा येतो.

मिश्री लावते, तेवढी चालेल ना?

नाही चालणार. बिडी, गुटखा, मिश्री, सगळ्यांत निकोटीन आहे आणि त्याने बारीक रक्तवाहिन्या आवळतात. आधीच रक्तपुरवठा कमी झालेल्या नाकाला ते परवडत नाही. निदान महिनाभर आधीपासून आणि नंतरही महिनाभर पूर्ण बंद. “दात घासायचं म्हणून लावते” असं सांगणाऱ्या मावश्यांना मी टूथपेस्ट घ्यायला लावते. ॲस्पिरिनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्वतःहून बंद करायच्या नाहीत.

किती दिवस घरी?

नाकावरची पट्टी साधारण आठवडाभर. डोळ्यांखालचे निळे डाग दोन आठवडे. ऑफिसचं काम दहा-पंधरा दिवसांत, पोती उचलणं चार ते सहा आठवड्यांनी, कुस्ती मात्र काही महिने नाही आणि ती तारीख डॉक्टरच सांगणार. चष्मा असेल तर सुरुवातीचे आठवडे तो नाकावर टेकू द्यायचा नाही, कपाळाला चिकटपट्टीने अडकवतात. दिसायला गंमतशीर, पण उपयोगाचं.

दिवसभर आरशात नाकच दिसतं. कामात लक्ष लागत नाही.

हे आम्ही गंभीरपणे घेतो. दोष बारीक आणि त्रास प्रचंड, फोटो काढून काढून मोबाईल भरलेला, एका ऑपरेशननंतर लगेच दुसरं मागावंसं वाटणं, अशी चिन्हं दिसली तर मानसोपचारतज्ज्ञांना आधी भेटायला सांगतात. यात वेडं ठरवण्याचा प्रश्न नाही. या आजारात ऑपरेशनने समाधान मिळत नाही, हे डॉक्टरांना माहीत असतं. सर्जन “नाही” म्हणाला तर तो टाळतोय असं समजू नका.

तिसऱ्यांदाही करता येतं का?

करता येतं. दर वेळी कूर्चा कमी, कातडी पातळ, धोका जास्त. दुसऱ्या वेळीच शांतपणे, पूर्ण तयारीने केलेलं बरं.

आजीचा प्रश्न: ऑपरेशननंतर नथ घालता येईल का?

येईल, पण लगेच नाही. ऑपरेशनआधी चमकी काढावी लागते आणि ती आठवडेच्या आठवडे बाहेर राहिली की भोक बुजू शकतं. नाकपुडीत कूर्चेची पट्टी बसवली असेल तर त्याच जागी पुन्हा टोचायचं की नाही, ते सर्जनलाच विचारा, सोनाराला नको. चापाची नथ टोचत नाही म्हणून लोक बिनधास्त लावतात, पण ती नाकपुडी दाबून धरते. पहिले काही महिने तीही नको. मोत्यांची जड नथ असेल तर तिचा भार केसांना अडकवलेल्या दोऱ्यावर घ्या.